तापाचं गाऱ्हाणं

नवऱ्याला ताप यावा म्हणून मथुरा घरापुढच्या खळ्यात वाट बघत बसली होती.

सकाळी जिल्ह्याच्या इस्पितळात शंकरला नवं इंजेक्शन टोचलं होतं. एड्सवरच्या रोजच्या गोळ्यांनी आजार आवरला होता, पण अंगातली प्रतिकारशक्ती काही वर येईना. ती वाढवणाऱ्या औषधाची ही चाचणी. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. "औषध असलं तर संध्याकाळपर्यंत बहुतेकांना ताप येतो. घाबरू नका," नम्रता सिस्टर म्हणाली होती.

घाबरतंय कोण! एरवी शंकर नुसता शिंकला तरी मथुरा त्याला घेऊन इस्पितळ गाठायची. आज मात्र एसटीतून उतरून ती थेट देवळात गेली आणि ताप यावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरव नारळ हातात धरून बघतच राहिला.

"गे बाये, ताप जावंदे म्हणतत. येवंदे?"

"येवंदे."

जमलेली चार माणसं एकमेकांकडे बघत त्या गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणाली होती.

दिवस कलला तसा तिने पुन्हा त्याच्या कपाळाला हात लावला. "ह्या कपाळ नाय, बर्फातली सुरमय!"

"बर्फातली सुरमय टिकता गो," शंकर म्हणाला.

ती हसली नाही. तोंड फिरवून माडांकडे बघत बसली. तो उठला, पाणी पिऊन येतो म्हणत आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तो मान वाकवूनच.

"बघ गो. ताप इलो वाटता."

कपाळ खरंच कढत होतं. मथुरा हरखली. तिने हात मानेवर सरकवला. मान गार. भुवईला राख चिकटलेली.

तेवढ्यात फोन वाजला. नम्रता सिस्टर.

"आला का ताप?"

"नाही ओ सिस्टर. चुलीची ऊब आहे ती. ताप नाही."

शंकरने मान खाली घातली. मथुराने फोन ठेवला, आतून पेज आणि लोणच्याची फोड आणून त्याच्यापुढे ठेवली. पदराने त्याची भुवई पुसली. मग हात जोडून, गुरवाच्याच सुरात म्हणाली,

"बा देवा म्हाराजा, औषध नसात तर नसांदे. त्या मिठाच्या पाण्याक गुण येवंदे!"

तोंडात पेजेचा घास तसाच ठेवून शंकर म्हणाला, "व्हय म्हाराजा."