अर्धवट रेडिएशन

लखनौच्या एका खासगी हॉस्पिटलातला सर्व्हर सकाळी जळाला. कुठल्या पेशंटला किती रेडिएशन देऊन झालंय, हे कळेपर्यंत मशीन सुरू करता येईना.

"बॅकअप तो है न?" डॉक्टर सक्सेनांनी विचारलं.

"है, सर," सर्व्हर सांभाळणारी क्षितिजा म्हणाली. पण बॅकअपमध्ये काय कुठे आहे हे सांगणारा डेटाबेसही त्याच सर्व्हरवर होता. त्याची प्रत दुसरीकडे ठेवायचं सेटिंग राहूनच गेलेलं. आता एकेक डिस्क वाचून तो नव्याने उभा करायचा, म्हणजे आठवडा तरी जाणार, हे तिने त्यांना सांगितलं.

"हफ़्ते भर में तो ट्यूमर फिर बढ़ने लगेगा. बाहर जो आंटी बैठी हैं, उनसे क्या कहूँ?"

पहिली डिस्क वाचायला लावून क्षितिजा बाहेर त्या आंटींकडे आली.

"आई," ती म्हणाली, "बाबांना आज घरी घेऊन जा."