देवमाशाच्या जागेवर

वैजयंतीने नळ सोडला आणि जहाजामागे लोह मिसळलेलं तांबडं पाणी पसरू लागलं. दक्षिण समुद्रातले देवमासे दिसेनासे झाल्यापासून त्यांच्या विष्ठेचं काम माणसंच करत होती. त्या खतावर शेवाळ वाढायचं, शेवाळावर जवळ्याएवढे क्रिल, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, सगळेच जगायचे. वसईत तिची आई शेजाऱ्यांना 'मुलगी जहाजावर असते' एवढंच सांगायची. काय करते, ते कधीच नाही.

"नळ बंद कर," कप्तान इनासकाका वरून ओरडले.

"काका, अजून अर्धी टाकी आहे."

"अगं, आधी समोर बघ."

समोर एक अजस्र काळी पाठ वर आली आणि उंच फवारा उडाला. तिच्या कुशीला एक छोटी पाठ होती. पिल्लू. दोघांनी बुडी मारली, तेव्हा पाण्यावर तांबडा ढग उरला, टाकीतल्या पाण्याहून कितीतरी गडद. असा काही वास सुटला की इनासकाका नाक दाबून हसतच सुटले.

वैजयंतीने नळ घट्ट बंद केला आणि घरी फोन लावला.

"आई, माझी नोकरी गेली," ती रडत हसत म्हणाली. "आता सांग सगळ्यांना, मी काय करत होते ते."