चौदा नंबरचं दार

"निम्मी किंमत," दादा म्हणाला. "नऊ तासांत खेळ संपतो, पुन्हा कोणी उघडून बघत नाही. पूर्ण पैसे देणार कोण?"

 चांगली नोकरी सोडून तीन वर्षं त्याच्या धाकट्या बहिणीने संगणकावरच्या खेळातलं हे जग उभं केलं होतं. वाट्टेल तिथे भटका, वाट्टेल ते बांधा, अडवणारं कोणी नाही. विक्रीचं दादा बघायचा. आज पाच वाजेपर्यंत विकणाऱ्या कंपनीला किंमत कळवायची होती. निम्मी किंमत ठरली की पुढचा खेळ विसरायचा आणि मुकाट्याने पुन्हा नोकरी धरायची. चाचणीला बसवलेल्या नऊ जणांनी डोंगर, समुद्र सगळं पालथं घातलं होतं आणि मग खेळ बंद केला तो केलाच.

दहावी होती आई. तिचे आकडे दादाने अहवालात धरलेच नव्हते. एकसष्ट तास झाले तरी बाई पहिल्याच वस्तीत. "तिला बाहेरची वाटच सापडली नसेल," म्हणत तो हसला.

आईने जन्मभर दारोदार टपाल वाटलेलं. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा कुठे ती घरी बसली. दोघं आतल्या खोलीत गेली, तर ती गुडघ्यावर शेकायची पिशवी घेऊन पडद्याला डोळे लावून बसलेली. वस्तीतल्या प्रत्येक घरावर तिने फळी ठोकून नंबर टाकले होते.

"आई, पूल ओलांडलास की पुढे अख्खं जग आहे गं," धाकटी म्हणाली.

"असेल. माझं चौदा नंबर राहिलंय. सहा दिवस दार वाजवतेय, कोणी उघडत नाही."

"मग सोडून द्यायचं," दादा म्हणाला. "सगळ्यांनी सोडलं."

"सगळे काही टपालात नव्हते. घर बंद दिसलं की दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं."

धाकटी चटकन आईच्या शेजारी टेकली. ते दार तिने पहिल्याच वर्षी केलं होतं. खेळातल्या सात वेगवेगळ्या दिवशी येऊन वाजवेल त्यालाच ते उघडणार होतं. 'एवढं रिकामटेकडं कोण असतं' म्हणून दादाने ते काढून टाकायला सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती, आणि काढलं मात्र नव्हतं.

पडद्यावर उजाडलं. आईने दार वाजवलं.

दार उघडलं. आत पायऱ्या खाली उतरत गेल्या होत्या आणि तळाशी एक अख्खं शहर दिव्यांत उभं होतं. दारंच दारं, एकावरही नंबर नाही.

"हे केवढं आहे?" दादाने विचारलं.

"वरच्यापेक्षा मोठं." धाकटीला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं.

दादाने खुर्ची ओढून पडद्याजवळ घेतली. मग म्हणाला, "पूर्ण किंमत लिही. एक पैसा कमी करू नकोस."

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. "पायऱ्या किती आहेत गं?"

"दोनशे."

"एवढंच ना," म्हणत आईने गुडघ्यावरची पिशवी बाजूला ठेवली आणि ती पडद्यावर झपाझप उतरायला लागली.