पिवळे मोजे

पडदा उघडायला थोडाच वेळ होता. विंगेतल्या ट्रंकेवर बसून तिने पायातले काळे मोजे काढले आणि पिशवीतून पिवळे बाहेर काढले. लिंबासारखे पिवळे. दुकानाची चिठ्ठी अजून तशीच लटकत होती. ती तिने दातांनी तोडली.

चहाचा कप घेऊन वरच्या आपल्या खोलीकडे निघालेले दिवेवाले काका थबकले.

"ए सावली, पायांना काजवे चावले की काय?"

नाटकमंडळीत तिला सगळे सावलीच म्हणत. दोन प्रवेशांच्या मध्ये रंगमंचावर अंधार झाला, की तेवढ्यात टेबल-खुर्च्या हलवायच्या आणि उजेड पडायच्या आत नाहीसं व्हायचं, हे तिचं काम. त्यासाठी सदरा काळा, विजार काळी, केसांना बांधलेला रुमालही काळा. पावलं वाजू नयेत म्हणून पायात नुसते मोजे. कामावरचा हा रंग हळूहळू घरीही शिरला होता. कपाटात काळं, करडं, मातकट. एक गडद निळा कुडता होता, तो तिच्या लेखी भडक. "तुझं कपाट उघडलं की लाइट गेल्यासारखं वाटतं," असं आई म्हणायची.

"आईने आणले होते," ती मोजे चढवत म्हणाली.

काकांनी कप खाली घेतला. आई गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रयोग. आईला इथं कोण ओळखत नव्हतं? प्रत्येक नाटकाला यायची. दुखरा गुडघा लांब करता यावा म्हणून कडेची खुर्ची धरायची, आणि खेळ सुटला की सगळ्यांदेखत कुरकुरायची, "सगळे दिसले बाई. आमची तेवढी दिसली नाही."

"न दिसणं हेच माझं काम आहे, आई."

"असेल. मी इथं कुणाला बघायला येते मग?"

शेवटी तिनेच हे मोजे आणले होते. म्हणाली, पाय तरी दिसतील.

"लोकांना दिसतील हं," काका हळूच म्हणाले.

"दिसू देत. आजच्या दिवस."

"मॅनेजरबाईंनी पाहिलं तर तुझ्याबरोबर माझीही हजामत होईल." मग म्हणाले, "बरंच आहे म्हणा. रोज तुझ्या 'हं'कडे कान लावून बसायचं. आज डोळ्यांनीच कळेल."

अंधारात वरून काकांना काही म्हणजे काही दिसत नसे. काम उरकून विंगेत पोचली की ती गालाजवळच्या माइकात "हं" म्हणे, आणि मग ते दिवे लावत.

पहिला प्रवेश संपला. अंधार झाला. तिने टेबल ओढून घेतलं, दिवा उचलून विंगेत दिला, खुर्चीसाठी परत फिरली. खाली बघितलं तर दोन पिवळी पावलं आपापली चालली होती, जणू तिची नव्हतीच. समोर कुणीतरी खुदकन हसलं.

खुर्ची उचलून ती रंगमंचाच्या मध्यावर आली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते तिने केलं. मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिलं. बाहेरच्या दारावरच्या मिणमिणत्या दिव्यात रांगा पुसट दिसत होत्या. तिने कडेची खुर्ची शोधली. तिथं कुणीतरी बसलं होतं, पाय लांब करून. की कुणी कोट टाकून ठेवला होता? नीट कळेना. नीट दिसावं म्हणून ती थांबली.

वरून काकांना दोन पिवळे ठिपके थांबलेले दिसले; नेमके कुठे, ते अंधारात कळत नव्हतं. पोचली एकदाची, असं त्यांना वाटलं. त्यांनी दिवे लावले.

उजेड पडला मात्र, समोरच्या रांगा, माणसं, ती कडेची खुर्ची, सगळं एका क्षणात काळं झालं. कपाट उघडल्यासारखं. खोकणारेसुद्धा गप्प झाले. इतकी माणसं आपल्याकडेच बघताहेत हे तिला अंगावर जाणवत होतं. तिला मात्र त्यांतलं कुणीच दिसत नव्हतं. हातातली खुर्ची खाली ठेवावी, हेही तिला सुचलं नाही.

दार उघडून नट आत आला. नाटकात ही खोली आता रिकामी असायला हवी होती. पण तो मुरलेला माणूस. जेमतेम एक श्वास अडखळला. सावकाश टोपी काढून त्याने खुंटीला अडकवली. मग वळून, घरात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अदबीने त्याने विचारलं,

"कोण हवंय आपल्याला?"