चौतिसावा प्रश्न

“फॉर्मवाल्या ताई आल्या गं!” निराधार मुलींच्या वसतिगृहात आरोळी उठली. सर्वेक्षणाच्या बाई धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वकीलने शिलाईच्या खोलीत दोन स्टुलं समोरासमोर मांडूनही ठेवली होती.

वकील हे तिचं टोपणनाव. कुणी काही म्हटलं की हिचा मुद्दा तयार. पुढच्या महिन्यात तिला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणजे वसतिगृहातला मुक्काम संपायचा होता. संस्थेने दिलेली नवी कोरी बॅग खोलीच्या कोपऱ्यात उभी होती.

अशा मुलींचं शिक्षण आणि मन कसं चाललंय, यावरचं चार वर्षांचं संशोधन होतं. वर्षातून एकदा यायचं, तेच ते प्रश्न वाचायचे, चौकटीत खूण करायची. सल्ला द्यायचा नाही, जीव लावायचा नाही, फोन नंबर तर मुळीच द्यायचा नाही. नियम म्हणजे नियम! बाईंची ही चौथी खेप, आणि शेवटची.

“वर्गात किती दिवस गैरहजर?”

“एकही नाही. ताप होता तेव्हाही गेले. तापाने फणफणत गणिताचा पेपर दिला, त्यात एकाहत्तर.”

“रात्री झोप लागते?”

“अधूनमधून. मागच्या वर्षीचंच टाका.”

“मागचं नाही चालत. आत्ताचं सांग.”

“मग कमी लागते असं टाका,” वकील म्हणाली आणि बॅगेकडे बघून हसली.

एकोणिसावा प्रश्न आला. “जिच्याशी मनातलं सगळं बोलता येतं अशी कुणी मोठी व्यक्ती तुझ्या आयुष्यात आहे का?”

“हो.”

बाईंनी खूण केली. तीन वर्षं हिचं उत्तर हेच होतं. ‘हो’ म्हणणाऱ्या मुली शिक्षणात टिकतात, असं अहवालात मोठ्या अक्षरात छापून आलं होतं. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलींची यादी संस्थेकडे जायची आणि त्यांना एकेक पालक-ताई मिळायची. ती दर रविवारी भेटायला यायची आणि वसतिगृह सुटल्यावरही साथ सोडायची नाही. यंदा फॉर्ममध्ये त्या प्रश्नाखाली एक ओळ वाढवली होती. बाईंनी ती वाचली. “असल्यास, कोण?”

“हे नवीन आहे,” वकीलने लगेच पकडलं.

“हो, यंदाच घातलंय. कोण गं? अधीक्षकबाई? शाळेतल्या कुणी?”

वकीलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. बाईंनी मान वर केली.

“तुम्ही,” ती म्हणाली.

“मी?”

“मग काय! तुम्ही मधे बोलत नाही. उपदेश करत नाही. मागच्या वर्षी आईचं सांगितलं, तेव्हा पेन खाली ठेवून ऐकलंत.”

“अगं, पण मी वर्षातून एकदा येते. चाळीस मिनिटं.”

“पंचेचाळीस. मी वर्षभर साठवून ठेवते ना.”

बाईंनी नुकत्याच केलेल्या खुणेकडे पाहिलं. तीन वर्षं आपल्याच हाताने त्या चौकटीत खूण केली, आणि कोण म्हणून एका शब्दाने विचारलं नाही.

“म्हणून तुला पालक-ताई मिळाली नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“ठाऊक आहे मला. ‘नाही’ म्हटलं की मिळते, सगळ्याजणींना ठाऊक आहे. मलाही शिकवलं होतं त्यांनी, नाही म्हणून टाक म्हणून.” वकील स्टुलाची कड नखाने खरवडत होती. “पण पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, उत्तर काहीही दे, फक्त खरं दे.”

“हे आत्ता बदलू या. मी खाली जाऊन अधीक्षकबाईंशी बोलते.”

“काही उपयोग नाही, ताई. सतराच्या आत असेल तरच पालक-ताई देतात. माझी वेळ गेली.” मग तीच समजुतीच्या सुरात म्हणाली, “राहू द्या. पुढचा विचारा.”

बाईंनी पुढचा विचारला. त्याच्या पुढचाही विचारला. स्वतःची लाज वाटत होती, आणि डोळे भरून आल्याने अक्षरं नीट दिसत नव्हती. नर्सिंगला अर्ज केलाय, राहायची सोय अजून नाही, बाहेर ओळखीचं कुणी नाही, असं वकील सांगत गेली आणि बाई लिहीत गेल्या. तेहेतिसाव्या प्रश्नावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

वकील उठली नाही.

“एक राहिला.”

“झाले सगळे.”

“चौतीस असतात.” तिने बाईंच्या हातातून फॉर्म घेतला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती. “शेवटचा राहिला. ‘पुढच्या वर्षी तुला भेटायला पुन्हा आलो, तर चालेल का?’” तिने तो थेट बाईंच्या आवाजात म्हणून दाखवला, तोच हेल, ‘चालेल का’च्या आधी तेवढंच थांबणं.

संशोधन संपलं होतं, म्हणून ऑफिसने तो प्रश्न काढून टाकला होता. हे तिला आल्या आल्या सांगायला हवं होतं.

वकीलने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोऱ्या पानाकडे पाहिलं. तिने फॉर्म नीट सरळ करून बाईंच्या मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं.

“बरं, विचारू नका,” ती म्हणाली. “नुसतं उत्तर लिहून घ्या. चालेल.”