बोरोले बाईंचा आवाज

"तुम्ही आमच्या बाई चोरल्यात!" बोरोले बाईंच्या शोकसभेत त्यांचा जुना विद्यार्थी भटू शिक्षण खात्याच्या साहेबांना तोंडावर म्हणाला.

थोड्या वेळापूर्वी बाईंच्या मुलीनं, अनुराधानं, सहज विचारलं होतं, "आई वर्गात कशी शिकवायची हो?" जुने विद्यार्थी खुलले. भटूला आठवल्या अहिराणीत गोष्टी सांगणाऱ्या बाई, तर हेमलताला नद्यांची नावं गाऊन शिकवणाऱ्या.

"बाई कुठं गायच्या गं? नुसत्या खेकसायच्या," दिनकर म्हणाला.

"तुला तेच झेपत असेल!" हेमलतानं चिडवलं.

सगळे हसले, आणि मग एकमेकांकडे बघू लागले. शिक्षण खात्यानं वर्गात प्रत्येकाच्या कानात बसवलेलं यंत्र ज्याला जसं समजेल तसं बाईंचं बोलणं बदलून देत होतं. बाईंचा खरा आवाज कुणालाच ठाऊक नव्हता.

"पण एक तरी पोर नापास झालं का?" साहेबांनी भटूलाच उलट विचारलं.

"नाही झालं," अनुराधा उठून म्हणाली. "पण आई रोज घसा बसवून घरी यायची. माझ्याशी बोलायला आवाजच उरायचा नाही तिच्याकडे. घरी मी ऐकला नाही, वर्गात यांनी ऐकला नाही. मग ती जन्मभर बोलली ते ऐकलं कुणी? सांगा साहेब."