एकतिसावं पान

आप्पांच्या आठवणींच्या वह्या दोन, लिहिलेली पानं छप्पन्न. त्यातलं एकतिसावं पान आप्पांनी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं होतं. एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. पण एकदा त्यांनी दोन नळ्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि एका बाईनं आठ दिवस भलत्याच आजाराच्या धास्तीत काढले, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं; ते या पानावर होतं.

बायकोनं ते पान वाचून कपाळाला हात लावला. “जन्मात कधी सामानाची यादी धड लिहिली नाहीत, आणि सत्तरीत हे! अहो, लेक त्याच प्रयोगशाळेची प्रमुख आहे. नव्या पोरांना तुमचेच दाखले देते. तिच्या मनातून उतराल.”

तरी रविवारी आप्पांनी वही लेकीपुढे ठेवली. अहवाल तपासताना करायची तशीच, प्रत्येक पान वाचून झालं की ती कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करत होती. आप्पा समोर बसून खुणा मोजत होते. तीस झाल्या आणि पेन्सिल थांबली.

पाच मिनिटं गेली. आप्पांनी वहीकडे हात पुढे केला. “राहू दे गं. माळ्यावर टाकतो वह्या. नाही लिहीत पुढे.”

 पानाच्या तळाशी तिनं एक ओळ लिहिली, वही त्यांच्याकडे सरकवली आणि उठून आत गेली.

 

‘आप्पा, थांबू नका. माझ्याकडून असं दोनदा झालंय.’